कमानीखालची वाट : मुंबईच्या कोटातील व्यापारी इमारती आणि एक विसरलेला करार

१/
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौकाकडे निघालेला माणूस भर जुलैतही बरेचसे अंतर छत्री न उघडता कापू शकतो. डोक्यावर दगडी कमानींचे छप्पर असते. हे छप्पर कोणा दयाळू मालकाची कृपा नव्हे. त्यामागे १८९६ सालचा एक नियम आहे. फोर्टमधील व्यापारी इमारतींचे वैभव त्या नियमातून घडले. त्यांची आजची दुरवस्थाही बऱ्याच अंशी त्याच्या विस्मरणातून आली आहे. #थ्रेड #मुंबईचा_इतिहास

२/
फोर्टविषयी बोलताना नजर सहसा वर जाते. घुमट, मनोरे, दगडात कोरलेली पाने-फुले, गॉथिक की नवअभिजात हा वाद. वारसा-जतनाची चर्चाही इमारतीच्या दर्शनी भागाभोवतीच फिरते. या थ्रेडचे म्हणणे वेगळे आहे. या इमारती मालक, पादचारी आणि शहर यांच्यातील एका देवाणघेवाणीवर उभ्या होत्या. ती देवाणघेवाण मोडली आणि मगच दगड ढासळू लागले. केवळ चेहरा वाचवून त्या वाचणार नाहीत.

३/
प्रथम भूमिका. ‘फोर्ट’ म्हणजे खरोखरीचा कोट. अठराव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात वसाहतीभोवती तटबंदी उभी राहिली. तिला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. दरवाजे गेले, नावे मात्र उरली. आज लोकलने चर्चगेटला उतरणारे लाखो प्रवासी एका नाहीशा झालेल्या वेशीचे नाव दररोज उच्चारतात.

४/
तटाच्या आत जागा थोडी आणि माणसे फार. १८०३ च्या भीषण आगीने ही दाटी किती घातक आहे ते दाखवून दिले. तरी तट आणखी सहा दशके टिकला. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हे जुने शहर नुकतेच कात टाकू लागले होते. गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत (१८६२-६७) तट पाडला गेला आणि शहराच्या ऐन मध्यावर मोकळी जमीन उपलब्ध झाली.

५/
जमीन मिळाली, पैसा कोठून आला? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. अमेरिकेचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबई बंदरातून जाऊ लागला. त्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्या कंपन्यांच्या शेअरवर सट्टा खेळणारे अवघे शहर निर्माण झाले.

६/
१८६५ मध्ये युद्ध संपले आणि फुगा फुटला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीसारख्या कंपन्यांचे शेअर मातीमोल झाले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सट्ट्याचा अनभिषिक्त राजा कोसळला, पुढे जुनी बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. हा धक्का शहराच्या वेशीवर थांबला नाही. तेजीत गावोगाव सैल सुटलेली सावकारी पत मंदीत आवळली गेली. पुणे-नगर भागातील १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांत इतिहासकार वाढीव शेतसाऱ्याबरोबर या घसरणीचाही समावेश करतात. फोर्टच्या दगडांचा हिशेब मांडताना शेतकऱ्याला वगळता येत नाही.

७/
या उलथापालथीतून एक योजना मात्र शाबूत बाहेर आली. टाउन हॉलसमोर ‘बॉम्बे ग्रीन’ हे धुळीचे मोकळे मैदान होते. एकेकाळी तेथे कापसाच्या गाठींचे ढीग लागत. नगरपालिकेने ही जागा घेतली, तिचे भूखंड पाडून विकले आणि मध्ये बाग ठेवून भोवती अर्धवर्तुळाकार इमारती उठवल्या. या कल्पनेच्या पुरस्कर्त्यांत पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट याचे नाव घेतले जाते. तेच एल्फिन्स्टन सर्कल. १८७० च्या दशकाच्या आरंभी ते पूर्ण झाले.

८/
सर्कलमध्ये प्रत्येक भूखंडाचा मालक वेगळा होता, पण बाहेरून अवघी रांग एकच इमारत भासते. उंची सारखी, वळण सारखे आणि तळमजल्यावर कमानींची सलग पडवी. बँका आणि व्यापारी पेढ्या आत, ये-जा करणारे कमानीखाली, बाग मध्ये. स्वातंत्र्यानंतर या चौकाला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव मिळाले. मुंबईच्या व्यापारी वास्तुकलेचा पहिला धडा येथे गिरवला गेला : मालकी खाजगी, पण रस्त्याशी वागण्याची रीत सामायिक.

९/
हाच धडा पुढे हॉर्नबी रोडवर मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. कोटातील हा जुना रस्ता तट पाडल्यानंतर टप्प्याटप्प्याने रुंद झाला आणि त्याच्या कडेने दुकाने, कचेऱ्या, वृत्तपत्रांच्या इमारती उभ्या राहू लागल्या. १८९६ च्या सरकारी नियमांनी अट घातली, की प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानीखालची वाट ठेवली पाहिजे. हॉर्नबी रोड म्हणजेच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, तोंडातला ‘डी. एन. रोड’.

१०/
नियमाची खुबी त्याच्या मर्यादेत होती. एक गोष्ट सक्तीची, बाकी बरेचसे मालकाच्या आवडीवर. त्यामुळे या एका रस्त्यावर नवगॉथिक वळणाची जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट (१८९८) आहे, अभिजात स्तंभांच्या कचेऱ्या आहेत आणि भारतीय धाटणीच्या छज्जे-घुमटांच्या इमारतीही आहेत. शैलींचा असा बाजार असूनही रस्ता विस्कळीत वाटत नाही. चालणाऱ्याच्या उंचीवर कमानींची एकच लय त्याला बांधून ठेवते.

११/
व्यापाऱ्याने ही अट का मानली? कारण ती तोट्याची नव्हती. तळमजल्याचा पुढचा पट्टा त्याने वाटसरूला दिला, पण त्याच पट्ट्याच्या डोक्यावर वरच्या मजल्यांची दालने रस्त्याच्या कडेपर्यंत आली. खाली सोडले ते वर मिळाले. शिवाय काचेमागे मांडलेल्या मालावर ऊन येत नाही, पावसात गिऱ्हाईक दाराशी थबकते आणि थबकलेले गिऱ्हाईक आत येते. पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या शहरात सावली आणि कोरडी फरशी हे व्यापाराचेच भांडवल होते.

१२/
मराठी माणसाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. वाड्याची ओसरी किंवा कोकणातल्या घराची पडवी नेमके हेच काम करते. ती घराची असते, पण पूर्णतः घराची नसते. वाटसरू तेथे टेकतो, पोस्टमन तेथे थांबतो, उन्हातून आलेल्याला तेथे पाणी मिळते. हॉर्नबी रोडच्या नियमाने दगडी कचेऱ्यांना अशी ओसरी लावली आणि अनेक ओसऱ्या जोडून त्यांचा रस्ता केला.

१३/
येथे एक आक्षेप रास्त आहे : हा साम्राज्याचा वारसा, तो स्वतंत्र देशाने का सांभाळावा? त्याचे उत्तर बांधकामाच्या तपशिलात आहे. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा काळा दगड. तेलंगणातून आलेले कामाठी मजूर, ज्यांचे नाव आजही कामाठीपुऱ्याला आहे. मुंचरजी मर्झबान किंवा मुकुंद रामचंद्र यांच्यासारखे देशी अभियंते. भांडवल आणि देणग्या कापसाच्या पैशातून, पारशी, गुजराती आणि मुस्लिम व्यापाऱ्यांच्या. सत्ता परक्यांची होती. घाम, कसब आणि बराचसा पैसा येथलाच होता.

१४/
इमारतींचे अर्थही बदलत गेले. व्हाइटअवे लेडलॉ हे साहेबी थाटाचे डिपार्टमेंट स्टोअर ज्या वास्तूत होते, तेथेच पुढे खादी भांडार आले. विलायती कापडाच्या दुकानाची खादीचे दुकान होणे, याहून बोलका अभिलेख शोधावा लागणार नाही. ज्या शहराने हे केले त्याने ती वास्तू खऱ्या अर्थाने आपली केली. तिला निव्वळ साम्राज्याची खूण ठरवणे म्हणजे नंतरच्या अनेक दशकांचा इतिहास पुसणे होय.

१५/
नियमांची दुसरी तऱ्हा पाहायची तर बॅलार्ड इस्टेटला जावे. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेल्या भरावावर मुंबई पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१४ या काळात ही वसाहत घडवली. नाव पोर्ट ट्रस्टशी निगडित कर्नल बॅलार्ड यांचे, आखणीवर छाप वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची. येथे उंची, दर्शनी भाग, धाटणी सारेच शिस्तीत. दृश्य देखणे आहे, रस्ते प्रशस्त आहेत. पण कचेऱ्या सुटल्या की ही वसाहत ओस पडते. डी. एन. रोड मात्र रात्री उशिरापर्यंत जागा असतो. कमी नियमांच्या रस्त्याला जास्त आयुष्य लाभले, ही नोंद महत्त्वाची आहे.

१६/
आता करार मोडल्यावर काय होते ते. काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेल १८६७ ते १८६९ या काळात उभे राहिले. रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने त्याचा सांगाडा योजला. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या प्रचंड छपराच्या कामातही त्याचा हात होता. ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने आल्या आणि मुंबईत जोडल्या गेल्या. ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. तेच साल, ज्या साली हॉर्नबी रोडचा नियम आला.

१७/
हॉटेल बंद पडल्यावर दालनांत फळ्या ठोकून लहान लहान खोल्या पाडण्यात आल्या. न्यायालये जवळ असल्याने वकिलांची कार्यालये आली. इमारत ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झाली. २००५ साली तिचा काही भाग रस्त्यावर कोसळला आणि त्यात एकाचा जीव गेला. जगातील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या २००६ च्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने तिचे नाव घातले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली आणि ती पाडावी की दुरुस्त करावी यावर तज्ज्ञांतच मतभेद झाले.

१८/
हा मृत्यू वार्धक्याचा नाही. लोखंड रंगवत राहिले, पाण्याची वाट मोकळी ठेवली, सांधे तपासले, तर ओतीव लोखंडाचा सांगाडा दीर्घकाळ टिकतो. दगडाचेही तसेच. गच्चीत पिंपळ उगवतो तो कोणीतरी वेळेवर उपटावा लागतो, पन्हळ फुटते ती बदलावी लागते. ही कामे लहान आहेत, पण ती दरवर्षी करावी लागतात आणि दरवर्षी त्यांना पैसा लागतो. तो पैसा कोणी द्यायचा, हा फोर्टचा मूळ प्रश्न आहे.

१९/
१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ची पातळी आधार धरली. टंचाईच्या काळातील तो निर्णय न्याय्य होता. गोठवणूक मात्र पाच दशके टिकली. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाड्यात ५ टक्के वाढ आणि पुढे दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. म्हणजे दरमहा १०० रुपयांचे भाडे चक्रवाढीने मोजले तरी २५ वर्षांनी ३०० रुपयांच्या आतच राहते. एवढ्यात दगडी कमान सांधून घेणे दूरच, पन्हळही बदलत नाही.

२०/
यात भाडेकरूला खलनायक ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. अनेकांनी जागा घेताना घसघशीत पागडी मोजलेली असते. त्यांच्या लेखी ती अर्धी मालकीच असते. त्या खोल्यांत टंकलेखक आहेत, मुद्रांक विकणारे आहेत, लहान वकील आहेत, घड्याळ दुरुस्त करणारे आहेत. त्यांना हुसकून लावले तर इमारत सुटेल, पण तिचा व्यापार मरेल. मालकाला मिळकत नाही, भाडेकरूला खात्री नाही आणि दुरुस्ती कोणाचीच नाही. कोंडी ही आहे.

२१/
१९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईने देशाला वाट दाखवली. इमारतींना तीन श्रेणी दिल्या, बदलांना परवानगी आवश्यक केली, वारसा संवर्धन समिती नेमली. ही नियमावली नसती तर फोर्टचा बराच भाग आज काचेच्या मनोऱ्यांखाली गेला असता. तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण नियमावली मुख्यतः ‘हे करू नका’ असे सांगते. न पाडण्याची सक्ती करता येते, सांभाळण्याची इच्छा सक्तीने येत नाही. उपेक्षेने पडणाऱ्या इमारतीला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

२२/
उपाय अशक्य आहे, असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस डी. एन. रोडवरच एक प्रयोग झाला. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने दुकानांच्या पाट्यांचे बेसुमार जंगल आवरण्यासाठी आचारसंहिता तयार झाली. पाटी कमानीच्या आत, दगड न झाकता. दुकानदारांना विश्वासात घेतल्यावर अनेकांनी साथ दिली. एकच साधी अट, बाकीचे स्वातंत्र्य : ही १८९६ च्या नियमाचीच पुनरावृत्ती होती, आणि ती पुन्हा लागू पडली.

२३/
मग फेरीवाल्यांचे काय? कमानीखालची वाट त्यांनी अडवली, ही तक्रार नेहमीची. पण त्याच वाटेवर वाहने लावली जातात, विजेच्या पेट्या बसतात, आस्थापना लोखंडी कठडे घालतात, प्रत्येक इमारत आपली फरशी शेजाऱ्याहून वेगळ्या उंचीवर नेते. त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. कमानी व्यापारासाठीच बांधल्या होत्या. खांबाच्या कडेला बसलेला पुस्तकवाला हा त्या व्यापाराचाच लहान भाऊ. मोजमाप एकच असावे : चाकाच्या खुर्चीला आणि दोन माणसांना शेजारून जाता येईल एवढी सलग वाट मोकळी आहे का? ते मोजमाप बँकेलाही लागू आणि फेरीवाल्यालाही.

२४/
यातून तीन मागण्या निघतात. पहिली : डी. एन. रोड आणि हॉर्निमन सर्कलच्या कमानींची वाट हा स्वतंत्र सार्वजनिक वारसा मानून तिची सलगता जपावी. दुसरी : मोठ्या व्यापारी आस्थापना आणि लहान भाडेकरू यांच्यात फरक करून भाडे वाढवावे, आणि वाढीचा ठरावीक हिस्सा त्याच इमारतीच्या दुरुस्ती खात्यात बांधील ठेवावा, त्या खात्याचा हिशेब मालक, भाडेकरू आणि पालिका या तिघांना खुला असावा. तिसरी : इमारत मोडकळीस येण्याची वाट न पाहता दर पाच वर्षांनी पन्हळी, गच्ची आणि सांधे यांची तपासणी व्हावी.

२५/
यावर ‘मालक पैसे खातील’, ‘भाडेकरू न्यायालयात जातील’, ‘पालिका झोपेल’ हे आक्षेप येतील. तिन्हींना आधार आहे. परंतु १८९६ चा नियमही स्वार्थी व्यापाऱ्यांच्या, धनलोभी शहराच्या आणि परक्या सरकारच्या काळातच झाला. त्याने कोणाला सज्जन होण्याची अट घातली नाही. प्रत्येकाला आपला लाभ दिसेल अशी वाटणी केली, एवढेच. फोर्टला आज अशाच वाटणीची गरज आहे.

२६/
पुढच्या पावसाळ्यात फोर्टमध्ये फिरायला जाणाऱ्या इतिहासप्रेमींनी घुमट अवश्य पाहावेत. त्याबरोबर छत्री मिटून कमानीखालून चालून पाहावे आणि नोंद करावी : वाट कोठे तुटते, पाणी कोठे टपकते, कोणत्या खांबात पिंपळ रुजला आहे, कोणत्या छताखाली टेकू लावला आहे. तारीख घालून छायाचित्रे ठेवावीत. उद्या एखादी इमारत ‘अचानक’ कोसळल्याची बातमी आली, तर ती अचानक नव्हती हे सांगणारा पुरावा त्या नोंदींतूनच मिळेल.

(समाप्त)